वकिलाने खाल्लेला कान

आमच्या धंद्यात बोकडाच्या कपाळावरचा पांढरा ठिपका या डोळ्यावरून त्या डोळ्यावर जायला एक कप चहा पुरतो. चित्रकार चहाला उठतो, परत येऊन पुढचा कागद ओढतो आणि गप्पांच्या नादात ठिपका दुसऱ्या बाजूला काढतो. त्याला ते कळत नाही, कारण चित्र छानच उतरलेलं असतं. ते कळायला दुसरा माणूस लागतो. आमच्या स्टुडिओत तो माणूस मी.

मी ॲनिमेशनच्या चित्रांचा तपासनीस आहे. हाताने काढलेल्या कार्टूनच्या चित्रांचा. लग्नकार्यात कोणी विचारलं आणि मी हे सांगितलं की समोरचा म्हणतो, "अरे वा, म्हणजे चित्रकार!" मग मला सांगावं लागतं की नाही, मला आंबासुद्धा धड काढता येत नाही. माझी बायको तर माहेरी सरळ 'ऑफिसात आहेत' एवढंच सांगते. एकदा ती आमच्याकडे येऊन दिवसभर बसली होती. घरी आल्यावर म्हणाली, "शिकलेली माणसं दिवसभर बोकडाच्या शेपटीवरून भांडतात, आणि पगार होतो!"

काम साधं आहे. पडद्यावर बोकड सेकंदभर चालला की त्यात डझनभर कागद गेलेले असतात. मुख्य चित्रकार टोकाची चित्रं काढतो: पाय उचलला, पाय टेकला. मधली चित्रं काढणारे वेगळे. खालून दिवा लावलेल्या काचेच्या टेबलावर कागदावर कागद ठेवून ते मधल्या जागा भरत जातात. मग गठ्ठा माझ्याकडे येतो. मी कागद बोटांच्या बेचक्यांत धरतो आणि फरफर खालीवर करतो. माझ्या हातात बोकड चालायला लागतो. चालताना लंगडला, गळ्यातली घंटा एका कागदावर गायब झाली, शेपूट मध्येच वीतभर वाढली, तर तो कागद मी बाजूला काढतो. उरलेले पास. मग ते संगणकात जातात आणि तिथे रंग भरला जातो. लोकांना वाटतं मी चित्रं बघतो. चित्र बघत बसलं की चूक हमखास सुटते. मी दोन चित्रांच्या मधलं बघतो.

हे घरातूनच आलं असावं. माझे वडील नोटा छापणाऱ्या प्रेसमध्ये तपासणीला होते. नाशिक रोडला नुसतं 'प्रेस' म्हटलं की पुरतं. त्यांचं आयुष्य शेजारचे दोन कागद हुबेहूब सारखे आहेत ना हे पाहण्यात गेलं. माझं आयुष्य शेजारचे दोन कागद किंचित वेगळे आहेत ना हे पाहण्यात चाललंय. वडील म्हणायचे, "सारखं नसलं की आम्ही बाद करतो. आणि तुला सारखं नसल्याचाच पगार मिळतो. कसलं खातं आहे हे!" पण माझी नजर पक्की आहे हे त्यांनाही पटलेलं होतं. भाजीवाल्याच्या काट्याची सुई केसभर हलली तरी आम्ही दोघं एकदमच खोकायचो.

स्टुडिओ शरयूताईंचा. माझ्याहून दहाबारा वर्षांनी मोठ्या, बांध्याने किरकोळ, केसांत कायम एक पेन्सिल खोचलेली. ती सापडत नाही म्हणून दिवसातून दोनदा आरडाओरडा. त्यांनी एकदा रेघ ओढली की ती खोडायची माझी छाती होत नाही. बाकी कोणाचीही खोडतो.

आमची गिऱ्हाइकं नाना तऱ्हेची. विंचूरच्या एका कांदा व्यापाऱ्याला स्थानिक केबलवर जाहिरात करायची होती. ते म्हणाले, "कांदा हसरा पाहिजे." ताईंनी हसरा काढला. "त्याला कापताना दाखवू नका." नाही दाखवला. "कोणाच्या डोळ्यात पाणी नको." तेही नाही. सगळं रंगवून झालं, शेठ पाहायला आले, दोनदा पाहिलं आणि म्हणाले, "सगळं झ्याक हाय. पण हा लाल कांदा झाला. आमचा उन्हाळी हाय."

ताई म्हणाल्या, "रंग बदलून देते."

"रंगाचं नाय म्हणत मी. मान बघा त्याची. एवढी जाड मान उन्हाळीची असती का? आठ दिवसांत सडंल तो."

सगळे कागद पुन्हा काढले. नाशिक जिल्ह्यात जन्मून मी कांद्याची मान कधी पाहिली नव्हती. तेव्हापासून मी बाजारात कांदा मानेकडून पाहतो.

दुसरे देवळाली कॅम्पचे एक निवृत्त हवालदार, साताऱ्याकडचे. मुलांना रस्ता कसा ओलांडायचा हे शिकवणारी छोटी फिल्म होती, त्यात जवानाबरोबर एक कुत्रा चालतो. फिल्म पाहून ते गंभीरपणे म्हणाले, "कुत्र्याचं पाऊल चुकतंय."

ताई म्हणाल्या, "हवालदारसाहेब, त्याला चार पाय आहेत."

"मग पुढचे दोन धरा की. जवानाचा डावा तर याचा डावा."

मी गठ्ठा फरफरवून पाहिला. जवानाचा डावा पडत होता तेव्हा कुत्र्याचा उजवा पडत होता. आता कोणी विचारील, कुत्र्याने कवायत का करावी? पण एकदा दिसल्यावर मलाही ते बघवेना. दुरुस्त केलं. दुसऱ्या वेळी फिल्म संपल्यावर हवालदार उठून उभे राहिले आणि म्हणाले, "आता शिस्तीत हाय." त्या शाबासकीवर मी महिनाभर खूश होतो.

पण सांगायची आहे ती वकिलाची गोष्ट.

आमचा स्टुडिओ मखमलाबादला, मळ्यात. खाली आप्पांची फुलांची शेड आणि वर भाड्याने घेतलेली आमची लांबट खोली. बाहेरून लोखंडी जिना. आप्पांचं घर झेंडूवालं, शेवंतीवालं. पहाटे तोडणी, शेडमध्ये निवडणं, मग क्रेट भरून मार्केट. आमच्या कागदांना कायम झेंडूचा वास. आप्पांच्या सुनेने, मंगलवहिनींनी, आई मेलेलं एक करडू बाटलीने दूध पाजून वाढवलं होतं. काळाभोर, कपाळावर डाव्या डोळ्याच्या वर पांढरा ठिपका. तो घरातच वाढला, त्यामुळे आपण बोकड आहोत ही गोष्ट त्याला कोणी सांगितलीच नव्हती. आप्पांचा बांधावरून भावकीशी दावा चालू होता. एकदा कोर्टाचा कागद त्यांनी खाटेवर ठेवला आणि चूळ भरायला गेले. परत येतात तर पुढची तारीख नाहीशी. आप्पा म्हणाले, "तारीख खातो? मग हा वकीलच हाय." तेच नाव राहिलं.

वकिलाने खाल्लेल्या वस्तूंत मंगलवहिनींच्या साडीचा पदर, रिक्षाची सीट, पाहुण्यांची चप्पल आणि आमची कितीतरी चित्रं होती. आप्पांनी त्याला बाजारात न्यायचं काढलं की वहिनी जेवण सोडायच्या. "ह्या घरात माझं कोणी ऐकत नाय," आप्पा आम्हाला सांगायचे, "आन त्याचं समदं ऐकत्यात."

हातकामाचे दिवस तोवर भरत आले होते. सगळं संगणकावरच होऊ लागलं. मुंबईची कामं कमी झाली, मधली चित्रं काढणारी मुलं एकेक करून निघून गेली. शेवटी ताई, मी आणि रंग भरणारा प्रकाश एवढे तिघं उरलो. प्रकाशला संगणक येत होता, माझी नजर कुठेही चालली असती. प्रश्न ताईंचा होता. त्या म्हणायच्या, "मी काय उंदराच्या शेपटीला धरून चित्रं काढू? माझा हात पेन्सिलीचा आहे." त्यांनी ठरवलं, स्वतःची एक पाच मिनिटांची फिल्म करायची, पूर्ण पेन्सिलीने, आणि मुंबईच्या एका मुलांच्या वाहिनीला दाखवायची. वाहिनीने मालिका घेतली तर काचेची टेबलं राहतील. नाही घेतली तर टेबलं विकायची आणि ताईंनी घरी बसायचं. हे त्यांनी भाजी काय करायची हे सांगावं तसं सांगितलं. पण त्या दिवशी केसातली पेन्सिल शोधायला त्या ओरडल्या नाहीत. हातातच धरून बसल्या.

फिल्मचा नायक अर्थात वकील. गोष्ट एवढीच: दसऱ्याच्या सकाळी एक बाई दारात झेंडूचं तोरण बांधतेय. ती पाठ फिरवते, वकील एक फूल खातो. ती वळते, हा साधुसंतासारखा उभा. ती पुन्हा नवीन फूल ओवते, हा पुन्हा खातो. शेवटी ती हळदकुंकू आणायला आत जाते, परत येते तर दाराला नुसता दोरा. समोर वकील, तोंड मिटलेलं, आपल्याकडे बघतोय. मग तो जबडा एकदाच हलवतो आणि तोंडातून एक पाकळी खाली पडते. संपलं.

कच्च्या चित्रांची जोडणी करून आम्ही ती शेडच्या भिंतीवर चादर लावून दाखवली. आप्पा, वहिनी आणि फुलं निवडणाऱ्या बायका क्रेट उलटे करून बसल्या. वकील खांबाला बांधलेला. मधल्या सगळ्या चोऱ्यांना शेड दणाणली. एक बाई तर पडद्यावरच्या बाईला ओरडून सांगत होती, "अगं मागं बघ, मागं!" शेवटचा प्रसंग आला. वकील उभा, शेपटी हलवतोय, मान झटकतोय, मग जबडा, मग पाकळी. कोणी हसलं नाही. दिवा लागल्यावर एक आजी म्हणाल्या, "बोकड लय देखणा काढलाय हां, ताई."

वर आल्यावर ताई मटकन खुर्चीत बसल्या. "देखणा म्हणाल्या. म्हणजे मेलोच आपण."

दोन दिवस विचार करून त्यांनी निकाल दिला की शेवटचा प्रसंग रिकामा पडतोय. त्यात अजून जीव पाहिजे. शेपटी आणि मान काढून टाकायची आणि त्याऐवजी कान. तोंडात फूल लपवलेल्या जनावराचा एक कान मागून येणाऱ्या पावलांकडे कसा आपोआप वळतो, ते दाखवायचं. महिनाभर त्या तो एक कान काढत होत्या. मधली चित्रंसुद्धा स्वतःच. रोज खाली जाऊन वकिलाच्या कानात बघून यायच्या.

मी ते कागद पहिल्यांदा बोटांत धरून फरफरवले आणि लगेच पुन्हा पहिल्यापासून फरफरवले. कान वळत नव्हता, तो ऐकत होता. कुठे एका केसाचीही चूक नाही. इतक्या वर्षांत एवढं निर्मळ काम माझ्या हातातून गेलेलं नाही. आणि मला नक्की वाटत होतं की याच्यावरही कोणी हसणार नाही.

मी म्हणालो, "ताई, तो फार हलतोय."

"फार म्हणजे?"

"लोक कान बघत बसतील. बोकडाने काय केलंय ते विसरतील. याला नुसता उभा ठेवू या का? पाचसहा सेकंद. काहीच हलवायचं नाही."

आमच्या धंद्यात असं बोलणं म्हणजे देवळात चपला घालून जाण्यासारखं. हलवणं हीच आमची कारागिरी. काही न हलणारं चित्र सेकंदभर राहिलं तरी आम्हाला चोरी केल्यासारखं वाटतं, कुठेतरी पापणी तरी मिटवून टाकतो. सहा सेकंद एकच चित्र, तेही शेवटच्या प्रसंगात!

ताईंनी चष्मा काढला. "तुला सहा हे कोणी सांगितलं?"

"जेवणाच्या सुट्टीत खाली बसून घड्याळ लावून पाहिलं. वहिनी ओरडायच्या आत खायचं की नाही हे ठरवताना वकील एवढा वेळ उभा राहतो. कधी पाच, कधी सात."

"बोकड घड्याळ लावून खातो?"

"तो नाही लावत. मी लावलं."

"सुभाष," ताई म्हणाल्या. त्या एरवी मला 'अरे' म्हणतात, नाव घेतलं की समजायचं. "माझा एक महिना आहे त्यात. तुझं काम चुका काढायचं. कानात चूक आहे?"

"नाही."

"मग पास कर."

मी पास केला. चूक नव्हती, मी काय करणार? पण संगणकात घालायला त्यांनी कागद दिले नाहीत. अजून दोन रेघा बघते, म्हणाल्या. सोमवारी वाहिनीच्या बाई येणार होत्या आणि शनिवार उजाडला तरी कान ताईंच्याच टेबलावर.

शनिवारी दुपारी उकाडा होता, म्हणून जिन्याकडचं दार उघडं टाकलेलं. दारालगतच्या स्टुलावर कानाचा गठ्ठा. ताई आपल्या टेबलाशी, प्रकाश संगणकाशी, मी माझ्या जागी. जिन्यावर खुरांचा टकटक आवाज आला आणि वकील उंबऱ्यात उभा राहिला. त्याने स्टुलाकडे पाहिलं. तोंड गठ्ठ्यापाशी नेलं. आणि थांबून आमच्याकडे बघायला लागला.

ज्या घरात बोकड आहे त्या घरातलं शेंबडं पोरसुद्धा या क्षणी चप्पल फेकून मारील. प्रकाश तसा अर्धा उठलाही. ताई हळूच म्हणाल्या, "हलू नकोस."

प्रकाश तसाच अर्धा राहिला. माझा हात खिशातल्या घड्याळाकडे गेला होता. वकिलाचं काहीही हलत नव्हतं. शेपटी नाही, मान नाही. आणि कान? कान दोन्ही ताठ, खुंट्यांसारखे. सगळा बोकड म्हणजे एकच प्रश्न होता: खाऊ? निरीक्षणाचा पगार घेणारी आम्ही तीन वडीलधारी माणसं श्वास रोखून त्याच्याकडे बघत बसलो. आधी माझ्या छातीत काहीतरी फुगायला लागलं, मग प्रकाशचे खांदे हलायला लागले. वकिलाने आमच्यावरची नजर न काढता वरचे चारपाच कागद एकदम ओढले आणि जबडा एकदा हलवला.

आम्ही तिघं फुटलो. प्रकाश संगणकावर डोकं ठेवून हसत होता. ताईंच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. आणि त्या हसण्यात वकिलाने महिन्याभराचा कान शांतपणे खाल्ला. मी भानावर येऊन धावलो तेव्हा हातात आली ती ओली, चावलेली टोकं.

आवाज ऐकून मंगलवहिनी जिना चढून धावत आल्या. "काय खाल्लं ओ त्यानं? पेन्सिलीचे कागद? अगं बाई, पोटात शिसं गेलं आसंल तर!"

"शिसं नसतं वहिनी पेन्सिलीत," मी म्हणालो.

"तुम्हाला काय ठावं, तुम्ही खाल्लीय का कधी पेन्सिल?" असं म्हणून त्यांनी त्याला खाली नेऊन गूळपाणी पाजलं. आप्पा खालून ओरडले, "ताई, चित्रं बरी व्हती का वाईट, ते आता त्यालाच इचारा!"

वर खोलीत हसू ओसरल्यावर काय झालंय ते सगळ्यांना एकदमच कळलं. प्रकाश म्हणाला, "जुनं शेपटीवालं लावू का? ते आहे आपल्याकडे."

"ज्याला कोणी हसलं नाही ते?" ताई म्हणाल्या. त्या आपल्या टेबलावर बघत होत्या. तिथे त्यांच्या तळव्याखाली एक कागद होता. प्रसंगाचा पहिला कागद: वकील समोर बघत उभा, तोंड मिटलेलं, कान ताठ. जबड्याची आणि पाकळीची चित्रं पूर्वीच संगणकात गेलेली होती. ताईंनी तो कागद उचलून माझ्यापुढे धरला. "हे एकच आहे. किती ठेवू?"

"आत्ता सात भरले," मी म्हणालो.

"सात?" प्रकाश म्हणाला. "लोकांना वाटेल फिल्म अडकली."

"सात," ताई म्हणाल्या आणि केसात पेन्सिल शोधायला लागल्या.

सोमवारी वाहिनीच्या मॅडम आल्या. तिशीच्या आतबाहेर, चटपटीत, दोन फोन, संध्याकाळची परतीची गाडी. जिना चढतानाच म्हणाल्या, "फ्लॉवर्सचा काय वास आहे इथे! सॉरी हं, माझ्याकडे अर्धाच तास आहे." ताईंनी स्वतःबद्दल काही सांगायला सुरुवात केली ती त्यांनी गोड हसून थांबवली. "आपण आधी बघू या ना."

प्रकाशने लॅपटॉप त्यांच्यापुढे ठेवला. आम्ही मागे उभे. चोऱ्यांना त्या नुसत्या मान हलवत होत्या आणि मध्ये एकदा फोनही पाहिला. ताई खिडकीबाहेर बघत होत्या. मी मॅडमच्या मानेकडे बघत होतो, कारण हसू आधी तिथे दिसतं. तिथे काहीच नव्हतं.

शेवटचा प्रसंग आला. दाराला नुसता दोरा. वकील उभा. एक सेकंद, दोन, तीन.

"अडकलं वाटतं," मॅडम म्हणाल्या आणि बोट पुढे नेलं.

प्रकाशने डोळे मिटले. माझ्या तोंडून "राहू द्या" निघालं की नाही, मला आठवत नाही. त्यांचं बोट बटणापाशी पोचलं, त्या थोड्या वाकल्या, वकिलाच्या अगदी डोळ्यांसमोर आल्या. तो त्यांच्याकडे बघत होता. त्या त्याच्याकडे बघत होत्या. बोट तसंच राहिलं. आणि त्याने जबडा हलवला.

मॅडमच्या नाकातून आवाज आला. मग त्या खुर्चीत मागे पडून हसायला लागल्या, अगदी शाळकरी मुलीसारख्या, टेबलावर हात आपटत. "मला वाटलं हँग झालं! आणि तो... तो माझ्याकडे बघत होता!" डोळे पुसून म्हणाल्या, "परत लावा."

दुसऱ्या वेळी त्यांनी फोन पालथा ठेवला होता. शेवटच्या प्रसंगात जबडा हलायच्या आधीच, तिसऱ्या-चौथ्या सेकंदाला, त्यांच्या मानेवर मला हसू दिसलं. माहीत असून हसू येत होतं. तेव्हा मी ताईंकडे पाहिलं. त्या अजून खिडकीबाहेरच बघत होत्या, पण पेन्सिल केसांतून काढून हातात घेतली होती, काम सुरू करायच्या वेळी घेतात तशी.

"अशा सहा करू या," मॅडम म्हणाल्या. "पण अशाच हं. हातानेच. ते संगणकावर केलं तर हा असा बघणार नाही. आणि तो पॉज कोणाची आयडिया?"

ताईंनी खाली शेडकडे बोट दाखवलं. "तो काय, क्रेट खातोय."

सहा झाल्या, मग अजून सहा. काचेची टेबलं राहिली. आता त्यातली दोनच वापरात आहेत, बाकीच्यांवर आप्पा हंगामात शेवंती पसरतात. ताई आठवड्यातून तीन दिवस येतात. वकील म्हातारा झालाय. दातांची कुरकुर आहे, त्यामुळे कागद सोडून मऊ गोष्टींवर आलाय. नव्या मुलांनी एखादा प्रसंग उगाच हलवला की मी त्यांना जिना उतरवून खाली नेतो, वकिलापुढे एक झेंडू धरतो आणि म्हणतो, आता बघा.

एक रुखरुख मात्र आहे. तो कान. ताईंच्या हातून उतरलेलं सगळ्यांत चांगलं काम जगात आता कुठेही नाही. ते चालताना पाहिलेली माणसं दोनच, त्या आणि मी. आणि फिल्मला त्याची गरज नव्हती. डोळे मिटले तर अजून माझ्या बोटांत तो कान वळतो.

त्या सोमवारी मॅडम गेल्यावर जिना उतरताना मी ताईंना विचारलं होतं. "ताई, तो गठ्ठा दारापाशी स्टुलावर कोणी ठेवला?"

"मीच. उजेडात बघायला."

"दार उघडं आणि वकील मोकळा असताना?"

ताई एक पायरी खाली गेल्या, थांबल्या आणि वळून माझ्याकडे बघायला लागल्या. चेहऱ्यावर काहीही हलत नव्हतं. मग म्हणाल्या, "तू तपासनीस ना? तपास की."

ती दुपार मी पुष्कळदा बोटांत धरून खालीवर केली आहे. दार, स्टूल, गठ्ठा, खुरांचा आवाज, 'हलू नकोस'. प्रत्येक चित्र आपापल्या जागी आहे आणि कुठे ठिपका हललेला नाही. फक्त एवढं दिसतं की सगळे कागद दारापाशी होते, आणि लागणार होता तो एक कागद ताईंच्या तळव्याखाली होता.

मी तो गठ्ठा पास केला आहे.